बिनचावीचा घोडा

काटोल रस्त्यावर शहर संपतं आणि संत्र्यांचे बगीचे सुरू होतात, त्याच्या जरा अलीकडे पत्र्याचं एक मोठं शेड आहे. पूर्वी तिथं टायरचं गोदाम होतं. मी सांगतेय त्या दिवसांत दर शनिवारी सकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. शेडच्या मधोमध एक गाडी उभी, तिच्या नाकावर झेंडूचा हार, मागच्या नळीतून निळा धूर. भोवती माणसंच माणसं. टॅक्सीवाले, मास्तर, दुकानदार, आणि सासऱ्यानं दिलेली गाडी विकता येत नाही नि चालवताही येत नाही, असे हवालदिल जावई.

मग अश्वनाथ महाराज यायचे. खाली पांढरं धोतर, वर मेकॅनिकचं निळं जाकीट, कपाळावर उभं गंध.

"भक्तहो, कंपनीच्या कागदावर काय लिहिलेलं असतं? इतका इतका हॉर्सपॉवर! हॉर्स म्हणजे?"

"घोडा!" गर्दी ओरडायची.

"म्हणजे कंपनीलाही ठाऊक आहे की आत घोडा आहे. फक्त सांगत नाही! आणि टर्बो म्हणजे काय? टर्बो म्हणजे वायू. वायूचा पुत्र कोण?"

"बजरंगबली!"

"मग टर्बो बिघडला म्हणजे पार्ट बिघडला का प्राण बिघडला? मेकॅनिक पार्ट बदलून देईल भाऊ. प्राण कोण बदलून देईल?"

वाक्यं अशी घसरत यायची की एकात काय चुकलं ते शोधेपर्यंत पुढची तीन अंगावर आलेली असायची.

मग दोन सेवक बॉनेटसमोर भगवा पडदा धरायचे, कारण घोड्याचं काळीज उघड्यावर दाखवू नये म्हणे. पडद्याआड महाराज तांब्याच्या कमंडलूतलं 'अश्वतीर्थ' इंजिनात ओतायचे. बॉनेट बंद. त्यावरून समोरच्या जाळीपर्यंत लाल-पिवळा दोरा आवळून बांधला जायचा. इंजिन चालूच. आणि आरती सुरू व्हायची, चांगली लांबलचक, एकामागून एक. आरती संपेपर्यंत धूर विरळ झालेला असायचा. महाराज नळीच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचे, आणि रुमाल पांढराच्या पांढरा!

आम्ही पहिल्यांदा गेलो त्या शनिवारी मी गर्दीत सासूबाईंचा हात धरून उभी होते. डोळ्यांसमोर जे दिसत होतं ते नाकारायचं तरी कसं? धूर खरोखर थांबला होता.

"पायलं?" सासरे मला म्हणाले. "आता बोल."

आम्ही गाडी घ्यायला आलो होतो.

आमचं घर झिंगाबाई टाकळीत. सासरे रामाजी, आमचे बाबा, मूळचे नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या बगीच्यात उभा जन्म गेलेला. सासूबाई शामला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना बसची पायरी चढवेना, म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला आणि बाबांना अधूनमधून बगीच्यात सोडायला गाडी हवी होती. नवी परवडणार नव्हती. शेडला लागूनच जुन्या गाड्यांचं आवार होतं. ते चालवणारा साहिल हा महाराजांच्या बहिणीचा नवरा. तिथली प्रत्येक गाडी 'महाराजांच्या दृष्टीखालून गेलेली'.

आम्हाला दाखवली ती लाल रंगाची, छोटीशी, डिझेलवर चालणारी टर्बो गाडी. मीटर म्हणत होतं, गाडी फारशी चाललेली नाही. ब्रेकच्या पायदानाचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेलं. स्टिअरिंगही हातांनी घासून घासून चकाकत होतं. मी बॉनेटवर तळवा ठेवला. गरम!

"सकाळीच गरम करून ठेवतो ताई," साहिल हसून म्हणाला. "गिऱ्हाइकाले तरास नको."

"आम्ही उद्या येतो," मी म्हटलं. "थंड असताना सुरू करून बघू. धूर असेल तर तेव्हाच दिसतो."

बाबांचा चेहरा पडला. "महाराजाच्या दारात उभी हाये गाडी, आन् तू रबर पाहून राहिली? तुले देवापेक्षा जास्त समजते का वं?"

माझा नवरा अमोल, एका पतसंस्थेत कारकून, माझ्या शेजारीच उभा होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. गाडी घरी आली.

मी वैदेही. कोराडीच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत काम करते. टर्बाइनचं तेल तपासणं हे माझं रोजचं काम. एवढालं अवजड यंत्र, पण त्याचा दांडा फिरतो तो तेलाच्या कागदाएवढ्या पापुद्र्यावर. तेल बिघडलं की सगळं बिघडलं. गाडीतला टर्बो म्हणजे त्याच जातीचं पिल्लू. धुराच्या जोरानं एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. मुठीत मावेल एवढी वस्तू, पण मिनिटाला लाखावर फेऱ्या घेते. तिला प्रसाद नको, आरती नको. वेळच्या वेळी, तिच्या मापाचं, स्वच्छ तेल हवं.

आणि नेमकं तेल बघायलाच आमच्या घरात बंदी झाली.

महाराजांनी गाडी देताना नियम घालून दिले होते. दोरा तोडायचा नाही. दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही. महिन्याच्या महिन्याला येऊन तीर्थ घालून घ्यायचं. आणि शेवटचा नियम सगळ्यांत नामी होता. मनात शंका असलेला माणूस गाडीत बसला, तर घोडा रुसतो आणि धूर सोडतो.

काही आठवडे गाडी बरी चालली. मग एका सकाळी अंगणात निळा धूर पसरला. सासरे धुराकडे पाहत उभे राहिले आणि मग वळून माझ्याकडे पाहू लागले.

"काल तू बसली होती ना गाडीत?"

"बाबा, सगळेच बसलो होतो."

"आमच्या मनात काही नाई. तुह्या मनात काय होतं थे सांग."

आता यावर काय उत्तर द्यायचं? बोलले तर शंका सिद्ध होत होती. गप्प बसले तर मनातल्या मनात शंका. गाडी बरी चालली की महाराजांची कृपा, धूर आला की वैदेहीचं मन. मी तेलाच्या परीक्षणात असा एकही प्रयोग पाहिला नव्हता, ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि दोषीही आधीच ठरलेला असतो.

मी गाडीत बसणं सोडलं. कोराडीला बसनं जाऊ लागले. तरी धूर यायचाच. मग शेजारच्या यमुताईंनी शोध लावला की शंका एका घरात राहिली तरी लागते, पापडाला बुरशी लागते तशी. मग मी गाडीच्या जवळून जायचं नाही असं ठरलं. अंगणातून फाटकाकडे जाताना मला भिंतीला चिकटून जावं लागे. माझ्याच घराच्या अंगणात.

रात्री अमोलला म्हटलं, "एकदा दोरा काढून तेल किती आहे ते दाखवणारी पट्टी बघू दे. एवढंच. दर महिन्याला नवं ओततात, जुनं कधीच काढत नाहीत. आत किती साठलं असेल?"

"तू बरोबर बोलून राहिली," तो म्हणाला. "मले काय समजत नाई का? पण बाबाले तोडू नको आत्ता. बगीचा सोडून आले, इथं त्यांचं मन लागत नाई. थे महाराजाकडे जातात तवा चार लोकांत बसतात."

"आणि मी कुठं बसू?"

वाईट माणूस नव्हता अमोल. बापाचा चेहरा उतरलेला बघवत नाही आणि बायकोचा दिसत नाही, अशी पुष्कळ चांगली माणसं असतात.

एका सकाळी मी कात्री घेऊन गाडीशी गेले. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि काठी टेकत धडपडत बाहेर आल्या. "हात लावू नको वं! माह्या गुडघ्याची शपथ हाये तुले. माहं काही बरंवाईट झालं तर?" त्या रडत होत्या. मी कात्री परत ठेवून आले.

मग गाडीचा दम जायला लागला. अमोल सांगायचा, कोराडीच्या पुलावर चढताना तिचं अंग थरथरतं, मागून कोळशाचे ट्रक भोंगे वाजवतात. महाराजांनी बाबांना बाजूला घेऊन उपाय सांगितला: शंका-शांती. शंकेखोर माणसानं गाडीत चालकाच्या जागी बसायचं, काचा वर, इंजिन चालू, आणि धूर निवळेपर्यंत अश्वनाथांचं नाव घेत राहायचं. सगळ्यांसमोर. तिथं शनिवारी असे बसवलेले लोक मी आधीही पाहिले होते. बहुतेक बायकाच असायच्या. नवऱ्याच्या गाडीचा धूर बायकोच्या मनातून येतो, हे तिथं आता कुणाला विचित्रही वाटत नव्हतं.

मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मग सासूबाई माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसल्या.

"एकडाव बस माय. मंग तुले कोणी काही म्हणणार नाई. मी म्हणू देणार नाई."

त्यांचा आवाज खरा होता. आणि मला खरंच थकवा आला होता. मी हो म्हटलं.

त्या शनिवारी शेड खच्चून भरलं होतं. आमची लाल गाडी मधोमध. समोर सतरंजीवर बायका टाळ घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्या पुढे, गाडीच्या अगदी नाकासमोर, प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई. त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून मानाची जागा दिली होती. महाराजांनी पडद्याआड तीर्थ ओतलं. त्या दिवशी दुप्पट, कारण शंका जुनी होती. नवा दोरा बांधला.

मी आत बसले. काचा वर. "चालू कर बेटी," महाराज म्हणाले आणि दार लावून घेतलं.

गाडी सुरू झाली. टाळ सुरू झाले. उकाड्यानं पाठ ओली होऊ लागली. काचांना चेहरे चिकटलेले, काही माझ्याकडे कीव येऊन पाहत होते, काही नुसतेच टक लावून. मी ओठ हलवत होते. मनात एवढंच, की हे संपावं.

मग इंजिनाचा आवाज वाढला.

आधी मला वाटलं, माझाच पाय दाबला गेला. खाली पाहिलं. दोन्ही पाय पायदानापासून दूर होते. आवाज वाढतच चालला. काटा वर वर सरकला, गाडी थरथरू लागली, आणि मागून पांढरानिळा धूर असा उसळला की शेडचं मागचं दार दिसेना. महाराजांनी दार उघडलं, हात घालून चावी फिरवली. इंजिन थांबलं नाही. त्यांनी चावी उपसून हातात घेतली. तरी थांबलं नाही. उलट जास्तच गर्जू लागलं.

टाळ बंद पडले. मग कुणीतरी किंचाळलं, "अंगात आलं! गाडीच्या अंगात आलं!"

"बिनचावीचा घोडा!" दुसरा ओरडला.

त्या क्षणी मी महाराजांचा चेहरा अगदी जवळून पाहिला. सगळ्या शेडमध्ये सर्वांत जास्त कोण घाबरलं असेल तर तो माणूस. पण कसबी होता. त्यानं दार ढकलून लावलं, चार पावलं मागं सरकला आणि चावी उंच धरली. "बघा भक्तहो! चावी माझ्या हातात, आणि घोडा धावतोय! घोडा जागा झाला!"

लोक हात जोडू लागले. काही तर जवळ येऊ लागले.

मला काय होतंय ते कळलं होतं. आमच्या केंद्रात वीज गेली तर लागावीत म्हणून मोठी डिझेल इंजिनं असतात, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवलं होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा आणि जळेल असं काहीही मिळालं की ते चालतं. चावीनं डिझेल बंद होतं. पण इंजिन हवेच्या वाटेनं आपलंच तेल प्यायला लागलं, तर चावीचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. तेल संपेपर्यंत किंवा तुकडे उडेपर्यंत ते पळत सुटतं. त्याला थांबवायचे दोनच उपाय. हवा बंद करायची, ती वाट दोऱ्यानं बांधलेल्या बॉनेटखाली. नाहीतर ब्रेक दाबून, सगळ्यांत वरचा गिअर टाकून, क्लच सोडायचा आणि इंजिन ओझ्याखाली बंद पाडायचं. त्यात गाडी पुढे उसळी घेणार. आणि पुढे सासूबाई.

काच खाली करायला गेले. चावीच नाही, तर काच कशी हलणार? दार उघडून ओरडले, "उठा! बाजूला व्हा!" इंजिनापुढे माझाच आवाज मला ऐकू आला नाही. सतरंजीवरच्या बायका भराभर उठून पळाल्या. सासूबाई खुर्चीत काठी शोधत होत्या, काठी खाली पडली होती.

लोकांनी नंतर मला विचारलं, दार उघडं होतं तर तू बाहेर का नाही पडलीस? काय सांगू? मी बाहेर पडले असते तर ते इंजिन सासूबाईंच्या तोंडासमोर फुटलं असतं.

गर्दीत मला अमोल दिसला. मी दोन्ही हातांनी खुर्चीकडे दाखवलं. त्यानं एकदा बापाकडे पाहिलं, बाबा हात जोडून उभे होते. मग तो धावला. आईला खुर्चीसकट उचललं आणि धडपडत बाजूला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला न विचारता काही केलं असावं.

मी हँडब्रेक ओढला, ब्रेकवर सगळा भार टाकला, पाचवा गिअर घातला आणि क्लच एकदम सोडला. गाडीनं हिसका दिला, हातभर पुढे फरफटली, आणि गप्प झाली.

कुणाच्या तरी हातातून टाळ घरंगळला, तो आवाज शेडभर ऐकू आला.

मी बाहेर आले. वाटलं, आता तरी लोकांना दिसलं असेल. तेवढ्यात महाराजांचा आवाज घुमला. "शंका जळाली! सूनबाईची शंका जळून खाक झाली! हा धूर शंकेचा होता!"

आणि लोक माझ्या पाया पडू लागले! एक बाई माझ्या पावलांवर कुंकू वाहत होती. मी पाय मागं घेतला तर मागंही कुणी वाकलेलं. त्या बंद गाडीत जीव घुसमटला नव्हता तेवढा त्या घटकेला घुसमटला. मी जे थांबवलं, तेही त्या माणसाच्याच खात्यावर जमा झालं होतं.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, बगीच्यातल्या विहिरीवर तुमचं डिझेल इंजिन होतं ना? त्याचं तेल कोण बघायचं?"

"मीच पाहो."

"तेल खुणेच्या वर गेलं तर?"

त्यांची नजर बॉनेटवरच्या दोऱ्याकडे गेली.

"त्याला कुणी दोरा बांधून तुम्हाला बघू दिलं नसतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. गाडीचं नाक तिथवर आलं होतं. त्यांनी बंडीच्या खिशातून सुपारीची चंची काढली, चंचीतून अडकित्ता काढला, आणि गाडीशी जाऊन दोरा कचकन कापला.

"रामाजी! अनर्थ होईल!" महाराज ओरडले.

"व्हायचा थो होऊन गेला," बाबा म्हणाले. "वैदेही, दाखव."

बॉनेट वर गेलं. जळक्या तेलाचा भपकारा आला. मी तेलाची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, आणि पट्टीवरून काकवीसारखं ओघळत होतं. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी हवेची नळी मोकळी केली. ज्या नळीत फक्त हवा असायला हवी, तिच्यातून तेलाची धार लागली.

"हे तीर्थ," मी म्हटलं. "दर महिन्याला ओतत गेले. आत मावेना म्हणून हवेच्या वाटेत शिरलं आणि इंजिन ते पिऊन पळत सुटलं. अंगात कुणी आलं नव्हतं. तेल आलं होतं."

"दोरा तोडला म्हणून तीर्थाचं तेल झालं!" महाराज म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, निम्म्या माना डोलल्या.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी मी याच जागी धुराची गाडी बरी करून दाखवते. मंत्र नाही, दोरा नाही, पडदाही नाही. येता सगळे?"

एवढ्या लोकांसमोर महाराजांना नाही म्हणता आलं नाही.

आठवडाभरात मी त्या तेलाचा नमुना तपासला. साध्या इंजिन तेलापेक्षा ते कितीतरी घट्ट होतं. अमोल सुट्या भागांच्या दुकानांतून फिरला आणि तसलंच तेल घेऊन आला. धूर दाबायचं जाड तेल, डब्यात मिळतं, कुणालाही मिळतं.

शनिवारी मधुसूदनकाकांनी आपली गाडी दिली. निवृत्त कारकून, महाराजांचे जुने भक्त, पण गाडीच्या धुरानं गल्लीतल्या लोकांची बोलणी खाऊन कंटाळलेले. बॉनेट उघडं ठेवलं. डबा हातोहात फिरवला, लोकांनी वास घेतला, बोटाला लावून पाहिलं. मी तो सगळ्यांसमोर ओतला.

"आता मंत्र," मी म्हटलं. "एकोणीस एके एकोणीस."

कुणी हसलं. मी पुढे म्हटलं, "एकोणीस दुणे अडतीस."

"एकोणीस त्रिक सत्तावन्न!" मागून एका म्हाताऱ्या मास्तरांनी आवाज लावला. मग चार जणांनी. एकोणीसचा पाढा झाला, एकोणतीसचा सुरू झाला. एकोणतीस साता म्हणताना सगळे अडखळले, मास्तर रागावले, पुन्हा पहिल्यापासून. शेडमध्ये हशा आणि पाढे. तोवर इंजिन तापलं, तेल मिसळलं, आणि मधुसूदनकाकांच्या गाडीचा धूर विरळ होत होत थांबला. अमोलनं नळीशी पांढरा रुमाल धरला. पांढराच्या पांढरा.

हशा हळूहळू विरला. लोक रुमालाकडे पाहत राहिले.

"आरती लांबवायचं कारण कळलं?" मी विचारलं. "तेल तापायला वेळ लागतो. पाढा म्हणा, आरती म्हणा, नाहीतर नुसते उभे राहा, तेवढाच वेळ लागेल."

"म्हणजे माझी गाडी बरी झाली ना?" मधुसूदनकाकांनी आशेनं विचारलं.

"नाही काका. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरत नाही." मी स्टीलचं एक ताट तिरपं धरलं, वरून साधं तेल सोडलं आणि शेजारी हे जाड तेल. साधं झर्रकन खाली गेलं. जाड तेल वरच रेंगाळत राहिलं. "सकाळी थंड गाडी सुरू केली की टर्बोचा दांडा लगेच गरगरायला लागतो. त्याला तेल हवं असतं तेव्हाच. आणि हे तेल अजून वाटेत असतं. दांडा कोरडा घासतो, झिजतो. धूर लपतो आणि आतून गाडी मरते. मग तुम्ही पुन्हा इथं येता, आणि दोष घरातल्या बाईला लागतो. आजच हे काढून टाका आणि गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्या."

मी महाराजांकडे वळले. "तुम्ही मंत्रानं धूर थांबवता ना? मग एक गाडी करा. काही न ओतता. आम्ही थांबतो."

महाराज कलियुगाबद्दल बोलू लागले. पण ऐकणारे उरले नव्हते. ज्याच्या त्याच्या गाडीभोवती माणसं जमली होती आणि दोरे तुटत होते. साहिल आवाराला कुलूप लावत होता, त्याला लोकांनी घेरलं.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तपास चालू आहे. सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. यमुताई अजून म्हणतात की पाढ्यातही शक्ती असते. ऐकलंय की महाराज आता दुसऱ्या जिल्ह्यात ट्रॅक्टर बरे करतात.

आमची लाल गाडी भंगारात गेली, तिच्यात काही उरलं नव्हतं. पुढे आम्ही दुसरी जुनी गाडी घेतली. बाबा आणि मी भल्या सकाळी गेलो, इंजिन गार असताना. बाबांनी आधी बॉनेटवर हात ठेवून गार असल्याची खात्री केली, मग सुरू करायला लावलं, मागं जाऊन धूर बघितला, तेलाची पट्टी स्वतः पुसून पाहिली. विकणारा कंटाळून गेला. घरी आणली तेव्हा सासूबाई मागच्या सीटवर बसायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "तू समोर बस वं. तुले पायता येते." त्या दिवसाबद्दल त्या याच्यापलीकडे कधी काही बोलल्या नाहीत. मलाही ते पुरलं.

मागच्या महिन्यात एक फोन आला. रामटेकहून दिपाली नावाची बाई. कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेला. तिच्या मुलीचा ताप उतरत नव्हता. घरच्यांनी कुठल्याशा बाबाकडून भारलेलं पाणी आणलं होतं, आणि ताप उतरत नाही कारण आईच्या मनात शंका आहे, असं ठरलं होतं. उद्या तिला तिथं नेऊन बसवणार होते.

"ताई, मी काय म्हणू?" ती कुजबुजत बोलत होती. "शंका तर हाये मले. खोटं कसं बोलू?"

"खोटं बोलू नकोस," मी म्हटलं. "आधी मुलीला घे आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. शंका येणं हा गुन्हा नाही, दिपाली. तुझ्या डोक्याचं काम चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याकडे खरं उत्तर असतं तो प्रश्नावर रागावत नाही. आणि ज्याचा उपाय फक्त विश्वास ठेवणाऱ्यालाच लागू पडतो, त्याच्याकडे उपायच नसतो. हे त्यांना सांग. ऐकलं नाही तर मला फोन लाव, मी बोलते."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि ती कुणाला तरी मोठ्यानं म्हणाली, "पोरीचं स्वेटर द्या इकडे. मी निघून राहिली."